जांभळ्या मक्याचा रंग भाकरीत का उतरत नाही?

प्रश्न (सिल्लोड तालुका)

नमस्कार. या खरिपात आमच्या पिवळ्या मक्याला लागूनच, पाहुण्यांनी दिलेल्या बियाण्याच्या जांभळ्या मक्याच्या चार ओळी लावल्या होत्या. कणसे एकसारखी गडद भरली. रात्रभर भिजवलेला दाणा नखाने सोलला, तेव्हा साल जांभळे आणि आतला भाग पिवळा निघाला. भिजवलेले पाणीही जांभळे झाले होते. आईने पीठ चाळून भाकरी केली, ती मात्र फिकट राखाडी झाली. हा रंग आरोग्याला चांगला म्हणतात, मग तो गेला कुठे? आणि कणसे एकसारखी आहेत, तर हेच दाणे बियाणे म्हणून ठेवावेत का?

उत्तर 1 (परभणी, अन्नतंत्राची विद्यार्थिनी)

तुम्ही दाणा सोलून पाहिलात, तिथेच निम्मे उत्तर आहे. सालातला जांभळा रंग अँथोसायनिन या रंगद्रव्याचा असून तो पाण्यात विरघळतो, त्यामुळे काही भाग भिजवलेल्या पाण्याबरोबर गेला आणि बराचसा चाळणीत कोंड्याबरोबर राहिला. उरलेला रंग उष्णतेने आणखी कमी होतो. त्या पाण्याच्या एका वाटीत लिंबू पिळा आणि दुसरीत चिमूटभर खायचा चुना घाला; पहिली लालसर आणि दुसरी निळसर-हिरवट होईल, कारण हे रंगद्रव्य आम्लात आणि अल्कलीत वेगवेगळे दिसते. पेरू देशात तर जांभळी कणसे उकळून त्या पाण्याचेच पेय करतात.

आतला पिवळा रंग कॅरोटिनॉइडचा आहे. त्यातील ल्युटीन आणि झिअॅझँथिन डोळ्याच्या पडद्यावर साठतात आणि स्निग्ध पदार्थाबरोबर अधिक शोषले जातात, म्हणून भाकरीवर तेल किंवा तूप घ्यावे. दोन्ही रंगद्रव्ये अँटिऑक्सिडंट (पेशींना इजा करणाऱ्या घटकांना रोखणारी) आहेत, पण प्रयोगशाळेतील नळीत दिसणारी ताकद शरीरात तेवढीच मिळते असे नाही, कारण अँथोसायनिन शरीरात फार थोडे शोषले जाते. मधुमेहाची गोळी बंद करून कोणी जांभळी भाकरी खाऊ नये, एवढे मला कळकळीने सांगावेसे वाटते.

उत्तर 2 (भोकरदन, बीजोत्पादक शेतकरी)

बियाण्याबाबत मात्र सावध राहा. दाण्याचे साल आईच्या झाडाचे असते, त्यामुळे शेजारच्या पिवळ्या मक्याचा पराग पडला तरी यंदाचे कणीस जांभळेच दिसते; भेसळ आतल्या गर्भात दडलेली असते आणि पुढच्या पिढीत बाहेर येते. निळ्या मक्याचे तसे नसते. त्याचा रंग सालाखालच्या थरात असल्याने परक्या परागाचा परिणाम त्याच कणसात दाण्यादाण्यावर दिसू शकतो. मक्याचा पराग वाऱ्यावर उडतो, तेव्हा बियाणे ठेवायचे असेल तर दुसऱ्या मक्यापासून किमान 200 मीटर अंतर ठेवा, किंवा तुरे येण्यात तीन आठवड्यांचा फरक पडेल अशी पेरणी करा.

प्रश्नकर्ता

दोघांचेही आभार. लिंबाची वाटी गुलाबी झाली, चुन्याची हिरवट. हे दाणे आता खाण्यासाठीच ठेवतो आणि उद्याचे पीठ न चाळता मळायला आईला सांगितले आहे.