मदत हवी आहे: चार सेकंदांच्या सॅम्पलवर कॉपीराइटचा दावा

मंडळी, धाकट्या भावानं नागपुरात, महालातल्या आमच्या खोलीत बनवलेलं रॅप गाणं अचानक गाजलं आणि लगेच नोटीस आली. बीटमध्ये १९७४ च्या एका रेकॉर्डवरचा पेटीचा तुकडा आहे. चारच सेकंद, पण सुईची खरखरसुद्धा ऐकू येते, त्यामुळे नाकारायचा प्रश्नच नाही. १९५७ च्या कायद्यानुसार ध्वनिमुद्रणाचा हक्क २०३४ अखेरपर्यंत राहतो. चालीचा हक्क वेगळा, म्हणून तुकडा नव्यानं वाजवूनही सुटका नाही. ‘आइस आइस बेबी’ या इंग्रजी रॅप गाण्यातही असाच दुसऱ्या गाण्याचा तुकडा होता; शेवटी ते मूळ गाणं करणाऱ्या क्वीन बँडला आणि गायक डेव्हिड बोवीला श्रेय द्यावंच लागलं.

श्रेय आणि वाटा द्यायला आम्ही तयार आहोत. पोरानं दोन वर्षं घातलीत, गाणं उतरवायला लागू नये एवढंच. अशी तडजोड कुणी केली आहे का? कॉपीराइटचं काम करणारे इथले वकील माहीत असतील तर कृपया सांगा. उत्तराला आठच दिवस आहेत.