शब्दचर्चा : ‘फॉस्फो-पीडीएच प्रतिपिंड’ मराठीत कसे लिहावे?

प्रश्न : जीवरसायनाची टिपणे मराठीत लिहितो आहे. ‘फॉस्फो-पीडीएच ई१-अल्फा (सेर२९३)’ या नावाच्या अँटिबॉडीला ‘सक्रिय पीडीएचचे प्रतिपिंड’ म्हटले तर चालेल का?

उत्तर : ‘प्रतिपिंड’ चालेल, ‘सक्रिय’ मात्र मुळीच नको. अर्थच उलटा होतो.

पीडीएच म्हणजे पायरुव्हेट डिहायड्रोजिनेज, तंतुकणिकेच्या आत पायरुव्हेटपासून अ‍ॅसिटिल-कोए बनवणारे विकर. पीडीके नावाची विकरे (माणसात चार) त्याच्या ई१-अल्फा सबयुनिटमधल्या (घटक-प्रथिनातल्या) सेरीन या अमिनो आम्लाला फॉस्फेट जोडतात (नावातले ‘सेर२९३’ म्हणजे २९३ व्या जागेवरचे सेरीन) आणि त्याचे काम थांबते. पीडीपी नावाची विकरे ते फॉस्फेट काढतात, की काम पुन्हा सुरू. टेक्सासमध्ये लेस्टर रीड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे १९६९ मध्ये दाखवून दिले. ग्लायकोजेन तोडणाऱ्या ग्लायकोजेन फॉस्फोरिलेज या विकराचे नेमके याच्या उलट असते, ते फॉस्फेट लागल्यावर सक्रिय होते. पाठ्यपुस्तकात आधी तेच उदाहरण भेटते, म्हणून ‘फॉस्फो’ दिसले की हात आपोआप ‘सक्रिय’ लिहितो.

‘फॉस्फेटयुक्त पीडीएच’ही मला पटत नाही. फॉस्फेटयुक्त खत म्हणताना फॉस्फेट मिसळलेले असते, एवढेच आपल्याला सांगायचे असते. इथे ते एका ठरावीक सेरीनला रासायनिक बंधाने जोडलेले आहे. ‘फॉस्फोरिलीकृत’ बरोबर आहे, शीर्षकात शोभते. मजकुरात मी असे लिहीन : ‘सेरीन-२९३ ला फॉस्फेट जोडलेले पीडीएच ई१-अल्फा ओळखणारे प्रतिपिंड’. लांब आहे खरे, पण एकदा असे लिहून पुढे खुशाल ‘फॉस्फो-पीडीएच प्रतिपिंड’ म्हणा. नुसते ‘पीडीएच प्रतिपिंड’ मात्र नको. ते फॉस्फेट असो-नसो, एकूण ई१-अल्फा ओळखणाऱ्या प्रतिपिंडासाठी राखून ठेवा. वेस्टर्न ब्लॉटवर (प्रथिने आकारानुसार वेगळी करून प्रतिपिंडाने ओळखण्याच्या चाचणीत) दोन्ही लागतात.

प्रश्न : काही लेखांत सेरीन-२६४ आहे. ती जागा वेगळी का?

उत्तर : जागा तीच, मोजणी वेगळी. ई१-अल्फा तंतुकणिकेत शिरताना त्याच्या सुरुवातीची २९ अमिनो आम्ले कापली जातात. ती धरून मोजले तर २९३, सोडून मोजले तर २६४. ई१-अल्फावर फॉस्फेट लागणाऱ्या जागा तीन, उरलेल्या दोन जागांचेही तसेच : ३०० म्हणजे २७१ आणि २३२ म्हणजे २०३. टिपणाच्या आरंभी कुठली मोजणी धरली ते सांगा, नाहीतर वाचणारा तीनाच्या सहा जागा करून बसेल.

आणखी एक, हे थेट वाक्यरचनेचे आहे. वेस्टर्न ब्लॉटवर ४३ किलोडाल्टनच्या आसपास पट्टा गडद आला, की ‘पीडीएच वाढले’ असे लिहिलेले वारंवार दिसते. ‘पीडीएचवरचे फॉस्फेट वाढले’ असे लिहा, आणि तेही एकूण ई१-अल्फाचा पट्टा तेवढाच असेल तरच. कृती लिहिताना ‘ब्लॉकिंगसाठी (प्रतिपिंड भलतीकडे चिकटू नये म्हणून ब्लॉटच्या रिकाम्या जागा झाकण्यासाठी) दूध पावडर’ असे सवयीने लिहू नका. दुधातल्या केसीनवर स्वतःचेच फॉस्फेट असते, त्याने पार्श्वभूमी काळवंडू शकते. फॉस्फो-प्रतिपिंडांसाठी बहुधा बीएसए (गाईच्या रक्तातले अल्ब्युमिन प्रथिन) वापरतात.