न दुरुस्त केलेल्या जुन्या व्हिडिओ गेम मशीनची किंमत कशी काढावी? 'चालूची किंमत वजा दुरुस्ती' हे सूत्र मला मान्य नाही

सीताबर्डीकर :
माझ्या मोठ्या बाबांचे नागपूरच्या सीताबर्डीत 1993 पासून जवळपास अकरा वर्षे व्हिडिओ गेम पार्लर होते. ते बंद झाले तेव्हा चार मशीन भंगारात गेली आणि 'स्ट्रीट फायटर टू'चे एक मशीन महालातल्या आमच्या जुन्या घराच्या माडीवर टिनाच्या छपराखाली राहिले. त्याला तेव्हापासून कोणी हात लावलेला नाही.

गेल्या महिन्यात दोघे जण ते पाहून गेले. पहिल्यांनी 12 हजार रुपये सांगितले. चालू स्थितीत ते 40 हजारांना जाईल, त्यातून दुरुस्तीचे 20 हजार आणि जोखमीचे 8 हजार वजा करा, असा त्यांचा हिशेब होता. दुसऱ्यांनी सांगितले, की आधी नवी सनमायका लावा, पिक्चर ट्यूब काढून एलसीडी पडदा बसवा, मग 50 हजार देतो.

दोघांचेही गणित एकाच गृहीतावर उभे आहे, ते म्हणजे दुरुस्तीने किंमत फक्त वाढते. मला हे पटत नाही. हा खेळ सुमारे 15 किलोहर्ट्झवर चालणाऱ्या, म्हणजे सेकंदाला सुमारे 15 हजार आडव्या रेषा काढणाऱ्या ट्यूबसाठी काढलेला आहे. त्याची चित्रे त्या पडद्यावरच्या आडव्या रेषांच्या हिशेबाने रेखलेली आहेत. ट्यूब एकदा भंगारात गेली, की ती परत आणता येत नाही, कारण अशा ट्यूब मोठ्या प्रमाणावर बनणे केव्हाच थांबले आहे. सनमायका सोलली, की खालचा हाताने रंगवलेला फलकही गेला. म्हणून मशीन जसे आहे तसे असण्याला स्वतंत्र मोल द्यावे आणि दुरुस्तीचा खर्च ही त्यानंतरची बाब मानावी, असे माझे मत आहे. विरोधी मत असल्यास कारणांसह मांडावे.

धरमपेठचा हिशेबनीस :
कारणांसह विरोध करतो. जुन्या मशीनला हात न लावता जास्त दाम मिळण्याची पद्धत बाहेरच्या देशांतली आहे आणि तिथे तिला आधार आहे. 1980 सालचे मिडवे कंपनीने अमेरिकेत विकलेले 'पॅक-मॅन' घ्या. त्याची पेटी कारखान्यात तयार झालेली, बाजूची चित्रे कारखान्यातली, मागे अनुक्रमांकाची पट्टी. तिथे मूळ काय, हे ताडून पाहता येते. आपली पेटी स्थानिक सुताराने प्लायवूडमध्ये ठोकलेली आहे. तिचा 'मूळ' नमुनाच नाही, तर ती मूळ स्थितीत आहे म्हणजे नेमके काय? आपल्या मोठ्या बाबांबद्दलचा आपला जिव्हाळा मी समजतो, परंतु तो घेणाऱ्याच्या खिशातून वसूल होणार नाही. आपल्याकडे अशा वस्तूला गिऱ्हाइके मोजकी, आणि त्यांतल्या बहुतेकांना घरी खेळायला चालू मशीन हवे असते. पहिल्या गृहस्थांचे सूत्र बरोबर आहे. भांडायचे तर 20 आणि 8 या आकड्यांवर भांडा.

सीताबर्डीकर :
पेटीबद्दलचा आक्षेप वजनदार आहे, तो मी मान्य करतो. तरीही 'मूळ' म्हणजे केवळ कारखान्यातले, ही व्याख्या आपण कोणाकडून घेतली? आपल्याकडची कितीतरी पार्लरे अशाच सुतारी पेट्यांवर चालली. बाजूला हिरव्या ऑइलपेंटने काढलेला पैलवान, रुपयाच्या नाण्यासाठी कानशीने घासून मोठी केलेली खाच, टेकून टेकून उडालेला रंग, हे सगळे त्या व्यवसायाचे पुरावे आहेत. असे मशीन नव्याने बनवता येणार नाही. त्याचा दाम किती, यावर मतभेद असू शकतो. तो शून्य धरावा, हे मला अमान्य आहे.

टीव्ही कारागीर, इतवारी :
मी तीस वर्षे पिक्चर ट्यूबचे काम केले आहे आणि मला आपण दोघेही घाई करता असे वाटते. मशीन न उघडता सांगितलेला आकडा, मग तो 12 हजार असो की 50 हजार, माझ्या दृष्टीने निराधार आहे.

सर्वांत आधी एक विनंती : ते मशीन प्लगला लावून 'चालते का' हे पाहू नका. वीस-बावीस उन्हाळे टिनाखाली गेले आहेत. कंडेन्सरचे आयुष्य दर 10 अंश तापमानवाढीला साधारण निम्मे होते, असा आमच्या कामातला ढोबळ नियम आहे, आणि नागपुरात मे महिन्यात सावलीतच पारा 45 अंशांवर जातो. सुकलेल्या कंडेन्सरसह पॉवर सप्लाय चालू केला आणि 5 व्होल्टच्या जागी जास्त दाब खेळाच्या चिप्स असलेल्या बोर्डावर गेला, तर चिप्स जळतात. मग आज ज्या वस्तूबद्दल आपण वाद घालत आहोत, तीच उरणार नाही. चालू केलेल्या रंगीत ट्यूबवर 20 हजार व्होल्टच्या वर दाब असतो आणि बंद केल्यावरही तो काही काळ राहतो, म्हणून ट्यूबला हा दाब पोहोचवणाऱ्या ईएचटीच्या टोपीला अनोळखी हात लागू देऊ नका.

आता किमतीबद्दल. मी असे मशीन तीन तुकड्यांत मोजतो : बोर्ड, ट्यूब आणि बाकी सारे. बाकी साऱ्यात जॉयस्टिक, बटणे, वायरिंग येते आणि ते बदलता येते. ट्यूबसाठी दिवा बंद करून पडदा तिरका पाहा. वर खेळाडूंची उरलेली ताकद दाखवणाऱ्या जीवनरेषेच्या दोन पट्ट्या कायमच्या उमटलेल्या दिसल्या, तर ती खूप चाललेली आहे. बोर्डाची पाहणी सर्वांत महत्त्वाची. हा खेळ काढणाऱ्या कॅपकॉम कंपनीचा त्या काळचा सीपीएस-वन बोर्ड एकावर एक बसवलेल्या पाट्यांचा असतो आणि त्यावर कंपनीच्या स्वतःच्या खुणेच्या चिप्स असतात. त्या नसतील तर बोर्ड नकली आहे. शिवाय बोर्ड पेटीला जोडणाऱ्या 'जामा' या ठरावीक जोडणीच्या 56 पिनांत या खेळाच्या सहाही बटणांची सोय नाही, म्हणून लाथांच्या तीन बटणांची वायर वेगळी यायला हवी. ती नीट आलेली असेल, तर पेटी याच खेळासाठी तयार झाली होती. मागाहून कशीबशी जोडलेली असेल, तर आधी दुसऱ्या खेळाची होती.

एका बाबतीत मात्र मी धागाकर्त्यांच्या बाजूचा आहे. पाच हातांनी 'दुरुस्त' झालेल्या मशीनपेक्षा न उघडलेले मशीन मला नेहमी बरे वाटते, कारण त्यात काय बिघडले असेल याचा अंदाज बांधता येतो.

सीताबर्डीकर :
आपल्या सूचनेप्रमाणे प्लग न लावता मागचे दार उघडले. वाळवी फक्त तळाच्या एका फळीला लागली आहे. लाथांची वायर स्वतंत्र आणि सुबक आहे. पडद्यावर पट्ट्यांची खूण आहे, पण पुसट. बोर्डावर मात्र कॅपकॉमची एकही खूण नाही. फलकावरच्या नावाजवळ 'रेनबो' असे चिकटवलेले आहे.

धरमपेठचा हिशेबनीस :
म्हणजे सगळ्यात महाग तुकडा नकली निघाला. आता 40 हजारांचा आधारच राहत नाही आणि 12 हजार हा उदार आकडा ठरतो.

सीताबर्डीकर :
खऱ्या बोर्डाचा दाम मागण्याचा मला अधिकार नाही, हे मी विनाअट मान्य करतो आणि घेणाऱ्याला ही गोष्ट आधीच सांगेन. परंतु 'रेनबो' ही साधी नक्कल नव्हती. 1992 च्या 'चॅम्पियन एडिशन' या कॅपकॉमच्याच आवृत्तीमध्ये परस्पर फेरफार करून ती काढली गेली. त्यात हवेतून हाडोकेन, म्हणजे हातांतून फेकलेला ऊर्जेचा गोळा, मारता येई, लढतीच्या मध्येच खेळाडू बदलता येई. अशा आवृत्त्यांचा वेग लोकांना आवडू लागला, तेव्हा त्याच वर्षाच्या अखेरीस कॅपकॉमने स्वतःची वेगवान आवृत्ती बाजारात आणली. सीताबर्डीतली मुले जो खेळ खरोखर खेळत होती, तो हाच. या बोर्डाच्या जागी खरा बोर्ड आणून बसवला, तर मशीन महाग होईल आणि आमच्या पार्लरचे राहणार नाही. म्हणून मी पेटी, ट्यूब आणि हाच बोर्ड एकत्र, काहीही न बदलता, 18 हजार सांगणार आहे.

धरमपेठचा हिशेबनीस :
आपली बाजू पूर्वीपेक्षा स्पष्ट झाली आणि आपण बोर्डाबद्दल लपवणार नाही, हे मला आवडले. तरीही माझ्या हिशेबाने ट्यूब चांगली असेल तर 14 हजार, नसेल तर 9. हवेतल्या हाडोकेनसाठी 4 हजार जास्त देणारा माणूस मला आजवर भेटलेला नाही.

टीव्ही कारागीर, इतवारी :
रविवारी सकाळी ट्यूब टेस्टर घेऊन महालात येतो. तिन्ही रंगांचे एमिशन, म्हणजे ट्यूबमध्ये उरलेला जोर, मोजून होईपर्यंत कोणालाही शब्द देऊ नका, आणि बोर्डावरच्या चिप्सच्या काचेवरचे स्टिकर सोलून पाहू नका. त्या काचेवर ऊन पडत राहिले तर आतला खेळ पुसला जातो.