४१ अंडर खेळून सत्ताविसावा! ऑनलाइन गोल्फ गेम अवघड करायला हवेत की नकोत?

बोगीबहाद्दर :

आमच्या ऑनलाइन सोसायटीची (गेममधल्या खेळाडूंच्या गटाची) साप्ताहिक स्पर्धा काल रात्री संपली. चार फेऱ्या मिळून मी ४१ अंडर (म्हणजे पारपेक्षा, कोर्सच्या ठरलेल्या फटक्यांपेक्षा, ४१ कमी) खेळलो आणि सत्ताविसावा आलो. पहिला आलेला गडी ७० अंडरच्या पलीकडे होता. त्याचं अभिनंदन करावं की तो झोपतो कधी ते विचारावं, हेच कळेना.

गेमचं नाव मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं की धागा "तो सोडा, हा घ्या" वर जातो. मी तीन वेगवेगळे खेळलोय, दुखणं थोड्याफार फरकानं तेच.

आता खऱ्या गवतावरचा हिशेब बघा. पीजीए टूरवर (अमेरिकेतल्या व्यावसायिक स्पर्धांच्या मालिकेत) एका फेरीतला सर्वांत कमी स्कोअर ५८. जिम फ्युरिकनं २०१६ मध्ये ट्रॅव्हलर्स चॅम्पियनशिपच्या शेवटच्या दिवशी केला. कोर्सचा पार ७०, म्हणजे १२ अंडर. चार फेऱ्यांचा पारच्या तुलनेतला विक्रम हिदेकी मात्सुयामाचा, जानेवारी २०२५, हवाईतलं कापालुआ, ३५ अंडर. म्हणजे ज्यानं आयुष्यात खरा क्लब फक्त एका रिसॉर्टच्या मिनी गोल्फमध्ये धरला, तो मी, मात्सुयामाच्या सहा फटके पुढे. आणि तरी सत्ताविसावा.

माझ्या मते खोट स्विंगमध्ये नाहीच. ड्राइव्ह (पहिले लांब फटके) माझेही रफमध्ये, म्हणजे लांब गवतात, जातात. खोट ग्रीनवर, होलभोवतीच्या तुळतुळीत गवतावर, आहे. टूरवरचे खेळाडू आठ फुटांवरून साधारण निम्मेच पट (ग्रीनवरून होलकडे ढकललेले फटके) घालतात. टीव्हीवर सगळे पडताना दिसतात, कारण कॅमेरा त्या दिवशी चांगलं खेळणाऱ्याच्याच मागे असतो. वीस फुटांवरून तर सातात एखादा. माझ्या गेममध्ये वीस फूट म्हणजे हातचा पट. ग्रीनवर जाळी पसरलेली, तिच्यावर मणी उताराकडे घरंगळतायत, वर एक बटण दाबलं की चेंडू कुठून जाईल त्याची रेघ हजर. मग उरतं काय? पहिलीत पाटीवर 'ग' गिरवायचो तसं गिरवायचं.

माझी मागणी एवढीच : ऑनलाइन स्पर्धेत रेघ बंद, जाळी बंद, आणि अप्रोचचा (ग्रीनवर पोचायच्या फटक्याचा) चेंडू थोडा इकडेतिकडे पडू द्या. दीडशे यार्डांवरून टूरवाल्यांचा चेंडूसुद्धा झेंड्यापासून सरासरी पंचवीसेक फुटांवर थांबतो. आमचे चार फुटांवर थांबतात आणि आम्ही तरी चुकचुकतो.

मतं सांगा. शिव्याही चालतील.

कीबोर्डकर :

चालतील म्हणालात म्हणून.

अहो मालक, तुलनाच चुकली आहे. फ्युरिक त्या कोर्सवर वर्षातून चार फेऱ्या खेळणार. तुम्ही त्या एका कोर्सवर किती खेळलात? दोनशे? सकाळी ऊन, संध्याकाळी पाय दुखतायत, कट चुकला (अर्ध्यातच स्पर्धेबाहेर पडलं) तर घरखर्चाची चिंता, असलं काही तुमच्या सोफ्यावर आहे का? चेंडू पाण्यात गेला तर तुम्ही फेरी सोडून पुन्हा सुरू करता. (स्पर्धेत नाही करत म्हणाल, पण सरावात तेच केलंय ना?) एवढी घोकंपट्टी केल्यावर स्कोअर खाली येणारच. पाढे पाठ झाले म्हणून पाढे अवघड करायचे का?

दुसरं, मी नऊ वाजता ऑफिसातून येतो, साडेदहाला मुलगा झोपतो, त्यानंतरची चाळीस मिनिटं माझी. त्यात मला बोगीवर बोगी (पारपेक्षा एक फटका जास्त) नको. बोगी दिवसभर असतातच.

निशाचर_सांगली :

शेवटच्या ओळीला +१

येरवडा_शनिवार :

मी खराखुरा खेळणारा. पुण्यात, शनिवारी सकाळी, हँडिकॅप (पारपेक्षा साधारण किती फटके जास्त लागतात तो आकडा) १९, आणि तो खाली आणायच्या नादात कंबर गेली. पावसाळ्यात गेमवर भागवतो.

दोघांचंही अर्धं पटलं. बोगीबहाद्दर, जाळीबद्दल पूर्ण सहमत. पण चेंडू 'इकडेतिकडे पडू द्या' हे नको. खऱ्या गोल्फमध्ये अवघड काय असतं सांगू? कोणी काही सांगत नाही. गेममध्ये रफमध्ये गेलो की कोपऱ्यात आकडा येतो, फटक्याची ताकद अमुक ते तमुक टक्के. मैदानावर मी गवतात वाकून बघतो, चेंडू अर्धा बुडालेला, गवत माझ्या दिशेनं झुकलेलं की उलट, पाय चेंडूच्या वर की खाली, आणि मग मनाशी म्हणतो, सात नंबर पुरे होईल. होत नाही. वाऱ्याचंही तेच. मला कोणी 'ताशी ११ मैल, डावीकडून' असं सांगत नाही. चिमूटभर गवत उडवतो आणि झाडाच्या शेंड्याकडे बघतो. खाली हवा पडलेली आणि शेंडा हलतोय, असं कितीदा होतं.

ग्रीनवर कॅडी म्हणतो, "साहेब, दीड कप उजवीकडे." तो वीस वर्षं तिथे आहे, बहुतेकदा बरोबर असतो. पण बहुतेकदाच. आणि बरोबर असला तरी तेवढ्याच जोरानं मारणं माझ्या हातात असतं, तिथेच सगळं मुसळ केरात.

तेव्हा चेंडूला भुतं लावू नका. आकडे झाका.

तीन_क्लिक :

'इकडेतिकडे' वाल्यांना माझा कडक विरोध आहे, आणि मी स्पर्धा खेळणारा आहे म्हणून जरा तिखट लिहितो.

मी फटक्याचा मीटर (पडद्यावरची सरकती पट्टी) रेषेवर अचूक थांबवला. अचूक. त्यानंतर गेमनं गुपचूप फासा टाकून चेंडू बंकरमध्ये नेला, तर मी हरलो कोणाकडून? त्याला खेळ नाही म्हणत, त्याला मटका म्हणतात. खऱ्या खेळाडूचा चेंडू फाकतो तो त्याच्या अंगामुळे. मनगट, खांदा, श्वास. माझं अंग म्हणजे एक अंगठा. अंगठा चुकला तर शिक्षा द्या, दुप्पट द्या. नाही चुकला तर हात लावू नका.

आणि हो, 'मग मीटरची बरोबर पट्टी बारीक करा' असं कोणीतरी म्हणणारच, म्हणून आधीच सांगतो. पट्टी बारीक केली की परीक्षा गोल्फची राहत नाही, टीव्हीची होते. टीव्ही चित्र सुधारत बसतो आणि बटण दाबल्यापासून पडद्यावर दिसेपर्यंत वेळ खातो. गेम मोड चालू केल्यावर माझा स्कोअर रातोरात फेरीमागे तीन फटक्यांनी सुधारला होता. मी तोच, अंगठा तोच.

बोगीबहाद्दर :

@तीन_क्लिक, टीव्हीचा मुद्दा डोक्यातच नव्हता, मान्य. पण नशीब म्हणजे मटका, हे गोल्फमध्ये चालत नाही हो. १९९९ ची ब्रिटिश ओपन, कार्नूस्टी. झाँ व्हान द वेल्ड शेवटच्या होलवर तीन फटक्यांनी पुढे. दुसरा फटका उजवीकडे गेला, प्रेक्षकांच्या स्टँडच्या कठड्यावर आपटला, तिथून उलटा येऊन ओढ्याच्या दगडी भिंतीवर टप्पा आणि मागे गुडघाभर रफमध्ये. तिथून पुढचा फटका थेट बॅरी बर्न ओढ्यात. बूट काढून पाण्यात उतरला बिचारा. शेवटी सात. प्लेऑफमध्ये पॉल लॉरी जिंकला. तो कठडा दोन इंच इकडे असता तर? त्याला मटका म्हणणार?

तीन_क्लिक :

नाही म्हणणार. कठडा सगळ्यांसाठी तिथेच होता आणि चेंडू त्याच्या क्लबनं तिकडे मारला. कठडा गेममध्ये ठेवा, मी तक्रार करणार नाही. फासा ठेवू नका. शिवाय तीन फटके हातात असताना टीवर ड्रायव्हर काढायला त्याला कोणी सांगितलं होतं?

मंजिरी_जर्सीकर :

उशिरा आले, इकडे आत्ता संध्याकाळ होतेय. तुम्ही सगळे खेळाडूला अवघड करायच्या मागे आहात. गोल्फवाले तसं करतच नाहीत, ते मैदान अवघड करतात.

यूएस ओपन बघा. २०१८ ला शिनेकॉक हिल्सवर ब्रूक्स केप्का जिंकला तो १ ओव्हरवर. माझ्या घरापासून फार लांब नाही ते विंग्ड फूट, तिथे १९७४ मध्ये हेल अर्विन ७ ओव्हर खेळून जिंकला. जिंकला! आणि वर ज्याची गोष्ट आली त्या कार्नूस्टीला प्लेऑफमध्ये गेलेले तिघेही ६ ओव्हर होते. हे लोक त्या आठवड्यात अचानक ढ झाले नव्हते. फेअरवे (मधला कापलेल्या गवताचा पट्टा) अरुंद, रफ वाढवलेलं, ग्रीन इतकी टणक की वरून पडलेला चेंडू थांबतच नाही, आणि होल अशा कोपऱ्यात की झेंड्याकडे मारणं हाच मूर्खपणा. उलट बाजू बघायची तर सेंट अँड्र्यूजचा ओल्ड कोर्स, २०२२. वारा फारसा त्रास देत नव्हता, कॅमरन स्मिथ २० अंडर. त्या कोर्सचं रक्षण वाराच करतो.

आता आपल्या ऑनलाइन लॉबीत (खेळाडू जमतात त्या खोलीत) काय असतं? वारा मंद, ग्रीन मऊ, होल मधोमध. सहा नंबरचा लोखंडी क्लब मारला तरी चेंडू पडला तिथेच रुततो, जणू साबुदाण्याच्या खिचडीत पडला. फेअरवेतून आणि रफमधून मारलेल्या चेंडूत फिरकीचा फरक जवळजवळ नाही, मग फेअरवे साधायचा कशाला? टणक ग्रीन दिली की आपोआप सगळं बदलतं. चेंडू पंधरा यार्ड अलीकडे टाकावा लागतो, त्यासाठी योग्य बाजूनं यावं लागतं, त्यासाठी ड्राइव्हच्या वेळी विचार करावा लागतो. तीन_क्लिकचा अंगठा शाबूत आणि बोगीबहाद्दरांचे ४१ निम्म्यावर.

ग्रीनच्या वेगाचंही तसंच. स्टिंपसन नावाच्या गृहस्थांना १९३५ ची ओकमाँटची यूएस ओपन बघून ग्रीनचा वेग मोजायची पट्टी सुचली, कारण चांगले चांगले खेळाडू पट ग्रीनबाहेर घालवत होते. आपल्या गेममध्ये त्या पट्टीवरचा आकडा १३ (म्हणजे फार वेगवान) निवडता येतो, पण उतार बघून ठेवलेल्या होलशिवाय त्या १३ ला काही अर्थ नाही. सपाट जागी ठेवलेला होल कितीही वेगात सोपाच.

येरवडा_शनिवार :

मंजिरीताई, वा. टणक ग्रीनचं मी लिहायला हवं होतं, मेमध्ये आमच्याकडे तेच भोगतो.

निशाचर_सांगली :

मोबाइलवाल्यांचं काय? गोल्फ क्लॅशवाले वारा आकड्यात घेऊन रिंगा मोजतात, त्यासाठी कॅल्क्युलेटर वापरतात. माझा मित्र वही घेऊन बसतो. बारावीला गणितात ४१ होते त्याला.

कीबोर्डकर :

वही चालू दे. पण एक प्रश्न कोणीच विचारत नाही : खेळणार कोण? टणक ग्रीन, जाळी बंद, रेघ बंद, अशी लॉबी आजही आहे. कालच रात्री साडेअकराला उघडून बघितली. मी आणि एक जपानी माणूस. तोही दोन मिनिटांनी गेला. अवघड हवं असं बोलणारे पुष्कळ. लॉबी मात्र सोपीच भरते. नवीन माणूस पहिल्या दिवशी ११० मारून गेला की परत येत नाही, आणि तो आला नाही तर सर्व्हर कोणाच्या जिवावर चालणार? आपल्या चार जणांच्या?

मंजिरी_जर्सीकर :

म्हणून तर सगळ्यांना सारखं नको. डब्ल्यूजीटी या गेममध्ये वरच्या पायरीवर गेलं की टी (पहिला फटका मारायची जागा) मागे सरकतो. नवा माणूस पुढून मारतो, मुरलेला मागून. तसंच ग्रीनचं आणि जाळीचं करा. ४० अंडर खेळून दाखवलंत ना, आता तुमची जाळी गेली.

येरवडा_शनिवार :

किंवा हँडिकॅप आणा. आमच्याकडे २० फेऱ्यांतल्या चांगल्या ८ धरतात, आणि प्रत्येक फेरीत कोर्सचं रेटिंग आणि स्लोप (कोर्स किती अवघड ते सांगणारे आकडे) मोजला जातो, ११३ हा प्रमाण स्लोप. गेमकडे तर सगळ्यांच्या सगळ्या फेऱ्या आयत्या जमा आहेत, त्याला रेटिंग काढायला माणूसही नको. मग स्कोअर १८ अंडर दिसला तरी त्या कोर्सवर ते साधारणच आहे हे आपोआप कळेल. कीबोर्डकरांना बर्डी (पारपेक्षा एक फटका कमी) मिळतील, बोगीबहाद्दरांना किंमत.

तीन_क्लिक :

हँडिकॅप आला की मुद्दाम वाईट खेळणारे आले. सहा फेऱ्या पाण्यात घालायच्या आणि स्पर्धेच्या दिवशी वाघ व्हायचं.

येरवडा_शनिवार :

ते आमच्या क्लबातही आहेत. एकाला दिवाळीच्या स्पर्धेत लागोपाठ तीन वर्षं मिक्सर मिळालाय. सगळ्यांना माहीत आहे, कोणी बोलत नाही.

बोगीबहाद्दर :

मी माझी मागणी बदलतो. अप्रोचला फासा नको, तीन_क्लिकचं पटलं. टणक ग्रीन आणि कोपऱ्यातले होल हवेत, मंजिरीताईंचं पटलं. जाळीवर मात्र हटणार नाही. कीबोर्डकर, तुम्ही एकदा, एकदाच, जाळी आणि रेघ बंद करून अठरा होल खेळा. मग बोलू.

कीबोर्डकर :

खेळलो. आत्ताच. पहिली तीन होल बरी गेली, वाटलं उगाच बाऊ करतात. चौथ्यावर बारा फुटांवरून चार पट. चढ समजून मारला, तो उतार होता. सातव्यावर बावीस फुटांवरून एक पडला, आणि खरं सांगतो, खुर्चीतून उठून ओरडलो. मुलगा जागा झाला. त्याला थोपटून परत आलो तोवर वेळ संपून एक फटका दंड लागला होता.

नऊ होलनंतर ६ ओव्हर.

दहाव्याला जाळी चालू केली.

मंजिरी_जर्सीकर :

आणि त्या सातव्याचा रीप्ले सेव्ह केलात की नाही?

कीबोर्डकर :

केला. ऑफिसच्या ग्रुपवर टाकलाय. तिथे गोल्फ कोणालाच कळत नाही.