डॅन बँकहेडला खरी संधी मिळाली होती का?

२६ ऑगस्ट १९४७ ला ब्रुकलिन डॉजर्स या बेसबॉल संघाचा डॅन बँकहेड गोऱ्यांच्या मेजर लीगमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या सर्वोच्च स्पर्धेत, चेंडू टाकणारा पहिला कृष्णवर्णीय पिचर (गोलंदाज) ठरला. स्वतः फलंदाजीला आला तेव्हा पहिल्याच खेपेला होमरन! पण समोरच्या पिट्सबर्ग संघाने त्याच्या जेमतेम सव्वातीन डावांत १० हिट आणि ८ धावा काढल्या. लोक म्हणतात, नीग्रो लीगचा (कृष्णवर्णीयांच्या वेगळ्या लीगचा) पिचर वरच्या दर्जाला पुरला नाही. मला हे पटत नाही. त्याच वर्षी मेजर लीगमध्ये आलेल्या पहिल्या कृष्णवर्णीय खेळाडूला, जॅकी रॉबिन्सनला, डॉजर्सचा प्रमुख ब्रँच रिकीने आधी वर्षभर मॉन्ट्रियलला, डॉजर्सच्या खालच्या दर्जाच्या संघात, खेळवलं. बँकहेडला मेम्फिस रेड सॉक्स या नीग्रो लीगच्या संघातून उचलून ऐन हंगामात थेट एबेट्स फील्डवर, डॉजर्सच्या मैदानावर, उभं केलं. ही कसली संधी?

प्रतिसाद १ :
असहमत. पुढची दोन वर्षं तो मायनर लीगमध्येच (मेजरखालच्या लीगमध्ये) होता. १९४९ ला मॉन्ट्रियलसाठी २० सामने जिंकला. तयार होऊन १९५० ला परत आला, ४१ सामने खेळला, ९ जिंकला. पण दर नऊ डावांमागे, म्हणजे एका पूर्ण सामन्यामागे, साडेपाच धावा दिल्या. चेंडूवर ताबाच नव्हता. याला वर्णद्वेष कसा जबाबदार?

प्रतिसाद २ :
ताबा का नव्हता, हेही विचारा ना. माणूस अलाबामाचा. तिथे गोऱ्याला चेंडू लागला तर काय होईल, ही भीती लहानपणापासून अंगात मुरलेली. रॉबिन्सनला मार सोसायचा होता. याच्या हातून गोऱ्या माणसाला मार बसू शकत होता. हा फरक फार मोठा आहे.

प्रतिसाद १ :
पहिल्याच सामन्यात पिट्सबर्गच्या गोऱ्या वॉली वेस्टलेकला त्याचा चेंडू लागला आणि काहीही झालं नाही. शिवाय त्याच संघात डॉन न्यूकम हा पिचर होता, तोही नीग्रो लीगचा. १९४९ ला १७ सामने जिंकून सर्वोत्तम नवोदित ठरला. भीती त्यालाही असणारच.

धागाकर्ता :
काही झालं नाही हे आपल्याला आज माहीत आहे. हातातून चेंडू सुटला त्या क्षणी त्याला कुठे माहीत होतं? आणि न्यूकमचं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे: १९४६ पासून तीन हंगाम तो नॅशुआ आणि मॉन्ट्रियल या मायनर संघांत घडला, मग वर आला. बँकहेडचं घडणं आपटल्यानंतर सुरू झालं.

प्रतिसाद १ :
घाई झाली, हे मान्य. पण १९५० च्या धावा मी त्या घाईच्या खात्यावर टाकणार नाही.

प्रतिसाद ३ :
१९५१ ला सात सामने, एकही विजय नाही, आणि मेजर लीग संपली. त्यानंतर तो कित्येक वर्षं मेक्सिकोत खेळत राहिला. खेळ संपला होता असं मला तरी वाटत नाही.