आमदारांच्या वर्षपूर्तीच्या पुस्तिकेत विधानसभा कुठे आहे? (डिसेंबर २०२५)

गोदाकाठचा (धागाकर्ता)

परवाच्या रविवारी पेपरच्या घडीतून एक गुळगुळीत पुस्तिका घरंगळली. 'वर्षपूर्ती – कार्य अहवाल', ४४ पानं, आर्ट पेपर, आमच्या आमदारांची. २३ नोव्हेंबर २०२४ ला निकाल लागला, त्याला वर्ष झालं, म्हणून हिशेब. नाव आणि मतदारसंघ सांगणार नाही. आमचं नाशिक शहर पूर्व, मध्य, पश्चिम आणि देवळाली अशा चार मतदारसंघांत वाटलेलं आहे. नाव घेतलं की तिसऱ्या प्रतिसादात पक्ष येतो आणि धागा तिथेच मान टाकतो.

चहा घेऊन बसलो आणि पानं मोजली. भूमिपूजन, लोकार्पण, पेव्हर ब्लॉक, ओपन जिम, सभामंडप, हायमास्ट यांची २७ पानं. आरोग्य शिबिरं आणि चष्मेवाटप ६. गणपती, नवरात्र, दहीहंडी ५. शुभेच्छा देणाऱ्यांचे फोटो ४, त्यात मागच्या पानावर आमच्या प्रभागातले तीन 'भावी नगरसेवक'. एक पान मनोगत. उरलेल्या एका पानावर 'विधिमंडळात बुलंद आवाज', आणि त्यातही अर्ध्या पानावर विधानभवनाच्या पायऱ्यांवरचा फोटो. मजकूर सहा ओळी.

आता यंदाच्याच पावसाळी अधिवेशनात काय झालं ते आठवा. नाशिक-त्र्यंबकेश्वर कुंभमेळा प्राधिकरणाचा कायदा झाला. २०२७ चा सिंहस्थ कोण चालवणार याची चौकट त्यात ठरली, विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखाली प्राधिकरण आलं. रस्ते, घाट, साधुग्राम, सगळं आमच्या गावातलं. आमचा माणूस त्या सभागृहात बसलेला होता. तो काय बोलला? बोलला का? पुस्तिकेत अक्षर नाही. साधुग्रामासाठी तपोवनातली झाडं तोडण्यावरून गावात एवढं रान उठलंय, त्यावरही नाही. ओपन जिमवर मात्र दोन पानं.

गटारावर झाकण टाकायला नगरसेवक असतो आणि कायदा करायला आमदार. हा अहवाल नगरसेवकाचा आहे, एवढंच माझं म्हणणं.

जेलरोडची सून

गटारावर झाकण टाकायला नगरसेवक असतो? कुठे असतो, पत्ता द्या, मी आत्ता रिक्षा करते.

नाशिक महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली. तेव्हापासून प्रशासक. ओबीसी आरक्षण, प्रभागरचना, तारखांवर तारखा. शेवटी या मे महिन्यात सुप्रीम कोर्टाने निवडणुका घ्या म्हणून सांगितलं, तेव्हा आता कुठे हालचाल दिसतेय. १२२ नगरसेवक होते या शहरात. पावणेचार वर्षं एकही नाही. त्या काळात लोकांनी कोणाकडे जायचं होतं?

आमच्या गल्लीत चेंबरचं झाकण फुटलं. ॲपवर तक्रार टाकली, चार दिवसांनी मेसेज आला, 'आपल्या तक्रारीचे निराकरण झाले आहे.' बाहेर जाऊन पाहिलं तर झाकण तसंच फुटलेलं, त्यात कोणीतरी कडुनिंबाची फांदी खोचून तिला लाल फडकं बांधलेलं. हेच ते निराकरण. शाळेच्या रिक्षा तिथून वळतात. मग सकाळी नऊला आमदारांच्या संपर्क कार्यालयात गेले. प्लॅस्टिकच्या खुर्च्या, दोन फोनवर एकदम बोलणारा पीए. साहेब नव्हतेच. त्याने लेटरहेडवर चार ओळी टाइप केल्या, शिक्का मारला, एक फोन लावला. दुसऱ्या दिवशी दुपारी झाकण बसलं.

आणि मागच्या श्रावणात शेजारच्या काकांना ॲडमिट केलं तेव्हा हॉस्पिटलवाले म्हणाले, महात्मा फुले जनआरोग्य योजनेत हे बसत नाही. त्याच पीएने फोन केला. दोन तासांत बसलं.

तेव्हा तुमची ती बुलंद आवाजाची सहा ओळींची जागा तुम्हाला लखलाभ. मला पीएचा नंबर पुरे.

भजीप्रेमी

पुस्तिकेचा कागद एवढा गुळगुळीत आहे की भज्यांचं तेल शोषत नाही. वर्षभराच्या कामात मला तरी एवढाच दोष आढळला.

एमबीवाला (निवृत्त)

मी ३१ वर्षं सरकारी बांधकामात काढली. दोघांनाही थोडं थोडं टोचणार आहे.

आधी पैसा. आमदाराचा स्वतःचा स्थानिक विकास निधी वर्षाला ५ कोटी. शहरी मतदारसंघात मतदार चार लाख धरा, माणशी सव्वाशे रुपये येतात. तेही आमदाराच्या खिशातून जात नाहीत. तो काम सुचवतो आणि पुढचं जिल्हाधिकारी कार्यालयाकडून होतं. मग पुस्तिकेत एवढे कोटी येतात कुठून? मूलभूत सुविधांचा विशेष निधी, जिल्हा नियोजन, सार्वजनिक बांधकामचं बजेट, आता कुंभाची कामं, सगळी बेरीज एकाच मथळ्याखाली होते. त्यात 'प्रस्तावित', 'मंजूर' आणि 'पूर्ण' यांची मिसळ. वरून तर्री.

काम कसं होतं? आधी प्रशासकीय मान्यता, मग तांत्रिक, मग निविदा, मग कार्यारंभ आदेश, आणि खरं काम झालं की मोजमाप पुस्तिकेत, म्हणजे एमबीत, नोंद. नारळ बऱ्याचदा दुसऱ्या पायरीवरच फुटतो. कधी कधी पहिल्यावर. एकाच रस्त्याला तीन वेगवेगळ्या माणसांनी नारळ फोडलेला मी पाहिलाय. ठेकेदार बिचारा तिन्ही वेळा मांडव घालून देत होता. पुस्तिकेतलं कोणतंही काम घ्या आणि कार्यारंभ आदेशाचा क्रमांक व दिनांक मागा. बेरीज किती उरते ते पाहा.

आता सूनबाईंना. झाकण बसलं, छान झालं. पण तुमच्या गल्लीतलं एक बसलं. विधिमंडळाचा एक तारांकित प्रश्न, म्हणजे ज्याला मंत्र्याला सभागृहात तोंडी उत्तर द्यावं लागतं तो, काय करतो ते आम्हाला विचारा. "शहरातील चेंबरची झाकणे नादुरुस्त असल्याचे निदर्शनास आले, हे खरे आहे काय? असल्यास, चौकशी केली आहे काय? त्यात काय आढळून आले?" असा कागद खाली आला की ऑफिसात एकच शब्द फिरायचा, 'एलएक्यू आलाय', म्हणजे विधानसभेचा प्रश्न. रजा रद्द. रात्री नऊला झेरॉक्सवाल्याला थांबवून ठेवायचं. जी झाकणं वर्षभर दिसली नव्हती ती एका रात्रीत मोजली जायची, कारण सकाळी मंत्र्याच्या तोंडून 'हे खरे नाही' म्हणवून घ्यायचं आणि ते खोटं निघालं तर मान आमची जायची. म्हणून मग 'हे अंशतः खरे आहे' लिहायचं आणि उरलेल्या अंशावर माणसं लावायची. आमदारांची पत्रं? त्यांचे गठ्ठे बांधून कपाटावर ठेवलेले असायचे. पत्र रोजचं असतं.

निफाडकर

भो, तुमचं शहराचं बरंय. झाकण, जिम.

आमच्याकडं आमदाराचं प्रगतिपुस्तक दहाव्याला लिहितात. कोणाच्या दहाव्याला आला, कोणाच्या नाही. सकाळी सात वाजता घाटावर श्रद्धांजलीचं भाषण असतं, त्यात आमदाराचे दोन शब्द झाले नाहीत तर भाऊबंद बारा महिने धरून बसतात. लग्नसराईत एका दिवशी वीस-वीस मांडव. त्या माणसानं विधेयक वाचायचं कधी?

आणि कांद्याचं काय करतो तो? डिसेंबर २०२३ ला निर्यातबंदी केंद्रानं लावली, मे २०२४ ला केंद्रानंच उठवली. वर शुल्क ठेवलं. शेवटचं २० टक्के शुल्क यंदा १ एप्रिलला गेलं, तेही दिल्लीतून. लासलगावात लिलाव बंद पाडले तरी मुंबईच्या सभागृहात त्याचा निर्णय नाही. मग आमदारानं मंत्र्याचं लक्ष वेधायची सूचना, ती लक्षवेधी, लावली काय आणि नाही काय.

मे मधल्या अवकाळीत काढून ठेवलेला कांदा शेतातच भिजला, चाळीत जायच्या आधी. वास सुटला होता. तेव्हा आमचा आमदार बांधावर आला, चपला हातात घेऊन चिखलात उभा राहिला, आणि तिथूनच पंचनाम्यासाठी फोन केला. मला ते पुरलं. त्याचं सभागृहातलं भाषण मी ऐकलेलं नाही, ऐकायचंही नाही.

गोदाकाठचा (धागाकर्ता)

@जेलरोडची सून: नगरसेवक नाहीत हा मुद्दा मान्य. 'असतो' लिहिताना मीच पावणेचार वर्षं विसरलो. ते वाक्य मागे घेतो.

पण काकांच्या गोष्टीवर अडलो. दोन तासांपूर्वी जे योजनेत बसत नव्हतं ते फोननंतर कसं बसलं? आजार तर तोच होता. म्हणजे ते आधीही बसत होतं आणि काकांचा हक्कच होता. पीएने मदत केली हे खरंच. पण ज्या काकांच्या शेजारी तुम्ही राहत नाही त्यांचं काय? त्या दिवशी त्याच वॉर्डात आणखी कोणाला 'बसत नाही' म्हणून परत पाठवलं असेल. हॉस्पिटलं असं का करतात, हे विचारायची जागा सभागृह. तिथे विचारलं तर त्या सगळ्यांना फरक पडतो आणि आमदाराला एकही आभाराचा फोन येत नाही. अडचण नेमकी तिथेच आहे.

@निफाडकर: कांद्यावर तुमचं खरं. पण पंचनाम्यानंतर मदत किती आणि कोणत्या निकषाने, त्यात राज्याचाही हात असतो. पुरवणी मागण्या, म्हणजे अर्थसंकल्पाबाहेरचा जादा खर्च, कोण मंजूर करतं?

@एमबीवाला: तुम्ही धागा माझ्यापेक्षा चांगला लिहिलात.

सतरंजीवाला

लपवत नाही, मी कार्यकर्ता आहे. या नाही, पण अशाच एका पुस्तिकेचे गठ्ठे मी पहाटे साडेचारला पेपरवाल्या पोरांच्या हातात दिलेत. सतरंज्या तर उचलल्याच.

धागाकर्ते, वीस वर्षांत एकाही मतदाराने मला 'अमुक विधेयकावर साहेब काय बोलले' असं विचारलेलं नाही. एकाही. विचारतात ते असं: ॲडमिशन होईल का, बदली थांबेल का, वास्तुशांतीला येणार का, आणि आमच्याच गल्लीचं डांबर का राहिलं. दुकानदार तोच माल ठेवतो जो खपतो.

आणि बोलायचं म्हणता, तर किती वेळ मिळतो? तीन-चार मिनिटं, घंटी वाजते. आमदार २८८. वर पक्षाचा व्हिप, म्हणजे मत कसं द्यायचं याचा आदेश. व्हिप मोडला तर आमदारकी जाऊ शकते, १९८५ च्या पक्षांतरबंदीपासून. कुंभाच्या कायद्यावर एकटा उभा राहून साहेबांनी काय उलथवलं असतं?

एमबीवाला (निवृत्त)

व्हिप मतदानाला असतो. तारांकित प्रश्नाला व्हिप नाही, लक्षवेधीला नाही. सत्तेतले आमदारही आपल्याच मंत्र्याला प्रश्न विचारतात, मी त्यांची उत्तरं लिहिलीत.

मेट्रो निओच घ्या. २०२१ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात नाशिकसाठी २,०९२ कोटी जाहीर झाले. टायरवर धावणारी मेट्रो, देशात पहिली, पेढे वाटले गेले. केंद्राचं काम केंद्राचं, पण राज्याने आपल्या बाजूने काय केलं हे मुंबईत विचारता येतं. चार आमदारांनी मिळून एक प्रश्न लावला तर तीन मिनिटंही पुष्कळ.

जेलरोडची सून

@गोदाकाठचा: त्या वॉर्डात आणखी कोणाला परत पाठवलं असेल, हे वाचून जरा गप्प बसले. होती एक बाई. सटाण्याकडची. तिच्याकडे नंबर नव्हता. मी दिला.

तरी माझं मत तेच. तुम्ही म्हणता ते सभागृहातलं काम व्हायला दोन वर्षं लागणार असतील, तर तोवर पीए बंद करायचा का? दोन्ही पाहिजे म्हणणं सोपं आहे. माणूस एकच आहे, आणि त्यालाही दिवसाचे चोवीसच तास.

मुंबईच्या आमदारांचं प्रगतिपुस्तक प्रजा फाउंडेशन काढतं, कोणी किती प्रश्न विचारले त्याची मोजणी करून. आपल्याकडे कोणीतरी काढा तसं. मी वाचेन. मत कोणाला द्यायचं ते मात्र झाकण बघूनच ठरवेन, राग मानू नका.

भजीप्रेमी

सूनबाई, निवडणूक पालिकेची आली की झाकणं आपोआप बसतील. आमच्याकडे कालच दोन बसली. एकावर अजून 'सौजन्य' रंगवायचं राहिलंय.

गोदाकाठचा (धागाकर्ता)

अपडेट. नागपूरचं हिवाळी अधिवेशन ८ ते १४ डिसेंबर, म्हणजे आता चालूच आहे. म्हटलं इथे टंकत बसण्यापेक्षा विचारून यावं. एका कागदावर तीन प्रश्न लिहिले. कुंभमेळा प्राधिकरणाच्या विधेयकावर आपण सभागृहात बोललात का? वर्षभरात किती तारांकित प्रश्न आणि लक्षवेधी दिल्या? पुस्तिकेतल्या पहिल्या दहा कामांचे कार्यारंभ आदेश क्रमांक काय?

सकाळी नऊला संपर्क कार्यालयात गेलो. प्लॅस्टिकच्या खुर्च्या, अगदी वर्णन केल्यासारख्या. माझ्या आधी सात जण होते. एकाच्या हातात एक्स-रेचा मोठा लिफाफा, एक बाई शाळेच्या दाखल्यासाठी. माझा नंबर आला. पीएने कागद वाचला. उलटा करून मागची कोरी बाजूही पाहिली. आवकचा शिक्का मारला, क्रमांक घातला आणि माझी प्रत परत दिली. साहेब नागपूरला आहेत, आले की दाखवतो म्हणाला. वागणं अगदी नीट, खोटं कशाला बोलू.

मी उठलो तर म्हणाला, "काका, हे झालं. पण काम काय आहे तुमचं?"

जेलरोडची सून

आवक क्रमांक जपून ठेवा. आणि पंधरा दिवसांनी परत जा, सकाळी नऊलाच. दहानंतर तो जागेवर नसतो.