सावत्र आई सुधारली म्हणे! सिनेमातली का?

दुसरी_आई: काल इथे कुणीतरी लिहिलं की सिनेमाने सावत्र आईला खलनायिका करणं सोडलं, आता दोन घरांची मिळून झालेली कुटुंबं फार समंजसपणे दाखवतात. खाली टाळ्यांचा पाऊस. माझं डोकंच फिरलं. मी नऊ वर्षं सावत्र आई आहे. छळणारी गेली, कबूल. तिच्या जागी आली दोन तासांत मन जिंकणारी. 'स्टेपमॉम' (१९९८) घ्या. ज्युलिया रॉबर्ट्सला घरात जागा कधी मिळते? सुझन सरँडनला कॅन्सर झाल्यावर. २०१० मध्ये 'वी आर फॅमिली'त काजोल आणि करीना, गोष्ट तीच. सख्खीला मरणाच्या दारात नेल्याशिवाय सावत्रला उंबरा ओलांडता येत नाही का? आमच्याकडची सख्खी आई ठणठणीत आहे. दर शुक्रवारी पोरीला न्यायला येते, मी दारात बॅग घेऊन उभी. बॅगेत गणिताची वही नसली की रविवारी रात्री मेसेज मला. हा सीन दाखवा कुठे असेल तर.

तिसरी_रांग: सिनेमा म्हणजे तुमची रोजनिशी नव्हे हो. वहीवर दोन तास कोण बसेल? आणि सगळ्यांना एकाच काठीने हाणू नका. 'जुनो' (२००७) बघा. सोनोग्राफी करणारी बाई पोरीबद्दल काहीबाही बोलते आणि सावत्र आई तिची अशी हजेरी घेते की बस. मिठ्या नाहीत, रडारड नाही. एका सीनमध्ये सगळं कळतं.

दुसरी_आई: बरं, 'जुनो' तुमचा. झाला एक. पुढे?

तिसरी_रांग: 'अँट-मॅन' (२०१५). सख्खा बाप चोर, सावत्र बाप पोलीस, शेवटी सगळे एका टेबलावर.

दुसरी_आई: हो, आधी जगावरचं संकट टळलं म्हणून! आम्ही कुठून आणायचं संकट?

जुना_पंखा: १९७८ चा 'खट्टा मीठा' कुणी पाहिलाय की नाही? बासू चटर्जी. अशोक कुमार विधुर, पर्ल पदमसी विधवा, दोन्हीकडची वाढलेली पोरं एका घरात कोंबलेली. कुणाला कॅन्सर लागला नाही. 'आधुनिक' म्हणून काय मिरवता?

नाव_नको: माझ्या डोक्यात जाते ती वेगळीच गोष्ट. शेवटी पोरगं 'आई' नाहीतर 'बाबा' म्हणतं, व्हायोलिन वाजतं, खेळ खलास. मी सात वर्षांची होते. आईचं लग्न झालं आणि त्याच आठवड्यात हुकूम, 'आजपासून यांना बाबा म्हणायचं.' मी वर्षभर हाकच मारली नाही. काही हवं असलं की खुर्चीजवळ जाऊन उभी राहायची, त्यांनी वर बघेपर्यंत. एकदा पेपर वाचत होते, मी पाय अवघडेस्तोवर उभी होते.

जुना_पंखा: 'बाबा' म्हटलं असतं तर जीभ झडली असती का? फी तो भरणार, आजारपणात रात्र तो काढणार, आणि हाक मारायला बाईसाहेबांचा मूड लागणार.

नाव_नको: फीची पावती शाळा देते. ती पोराकडे मागू नका.

दुसरी_आई: आमची पोरगी मला नावाने हाक मारते. काही बिघडलं नाही.

जुना_पंखा: नावाने! घर आहे की हॉस्टेल?

तिसरी_रांग: मंडळी, आपण सिनेमावर बोलत होतो ना?

जुना_पंखा: तुम्ही बोला. मी एकोणीस वर्षं सावत्र बाप आहे, तर ऐका. मुलगा मला 'अहो' म्हणायचा. 'अहो, किल्ली कुठाय?' ऐकणारे हसायचे. परवा त्याच्या फोनवर माझाच फोन गेला आणि स्क्रीनवर नाव आलं, 'आईचे मिस्टर'. आता सांगा हाकेने काय फरक पडतो ते.

नाव_नको: हे वाईट वाटलं. खरंच. पण त्याला लहानपणी कुणी विचारलं होतं का, काय म्हणशील म्हणून?

जुना_पंखा: नाही विचारलं. झालं समाधान?

तिसरी_रांग: मग 'बॉयहूड' (२०१४) बघा. बारा वर्षं तेच नट घेऊन केलेला. आई दारुड्या दुसऱ्या नवऱ्याच्या घरातून आपली दोन पोरं घेऊन निघते, त्याची दोन मागेच राहतात. इतके दिवस एका घरात वाढलेली चौघं. पुढे ती दोघं सिनेमात दिसतच नाहीत.

दुसरी_आई: हा मात्र लागला. २०२२ चा फ्रेंच 'अदर पीपल्स चिल्ड्रन' तसाच, बाई जोडीदाराच्या मुलीत जीव गुंतवते, तो आधीच्या बायकोकडे परततो आणि हिचा पोरीवर कसलाच हक्क नाही. तेव्हा चांगले सिनेमे आहेत. तीन. कालच्या टाळ्यांत त्यातल्या एकाचंही नाव नव्हतं.

कालची_पोस्टवाली: बाई, मला एक सिनेमा आवडला म्हणून दोन ओळी लिहिल्या होत्या. पुढच्या वेळी परवानगी काढीन.

जुना_पंखा: आणि 'खट्टा मीठा'बद्दल अजून कुणी एक अक्षर बोललेलं नाही.